दोन मासे दीड गुंज : एका डब्यातील नाण्यांचे प्रकरण

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सदाशिव पेठेतील एक जुना वाडा पुनर्विकासासाठी रिकामा होत होता. माळा आवरताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला आणि त्यात ४१ नाणी निघाली. घरातले वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सर्व जण अण्णा म्हणत, शहरातील एका शाळेत इतिहास शिकवत असत. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांची दोन मुले आणि एक मुलगी यांच्यात डब्याची वाटणी व्हायची होती, आणि वाटणीआधी यांतली खरी किती व खोटी किती हे कोणीतरी सांगावे, म्हणून त्यांच्या कन्येने मला बोलावले. मी चाळीस वर्षे नाणी जमवीत आलो आहे, विकत मात्र नाही. त्यामुळे किमतीबद्दल काही बोलणार नाही, या अटीवर मी गेलो. कुटुंबाच्या संमतीने, नावगाव वगळून, हे प्रकरण येथे मांडत आहे. यातली एक चूक माझी आहे, आणि नव्याने संग्रह करू लागलेल्या माणसाने ती टाळावी असे मला मनापासून वाटते.

माझ्याआधी एका व्यापाऱ्याने डबा पाहिला होता. नहपान या प्राचीन राजाची चांदीची तीन नाणी त्याने उत्तम ठरवली आणि ती तिथल्या तिथे घेण्याची तयारी दाखवली. चौथे 'दोनदा ठोकले गेल्याने बिघडलेले' म्हणून बाजूला सारले. रोमन धाटणीचे एक नाणे आणि नऊ गधैया (इराणी नाण्याच्या नकलांतून घडलेली जुनी) नाणी यांबद्दल 'ही सगळी नकली, मोडीत घाला' असा त्याचा निकाल होता. घरची मंडळी हा निकाल मनात धरूनच बसली होती, आणि धाकट्या मुलाने तर 'नकली' ढीग वेगळ्या पिशवीत भरूनही ठेवला होता.

मी पोचलो तेव्हा नाणी ताटात मोकळी पडलेली होती. मुळात ती तशी नव्हती. अण्णांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची लहान लहान पाकिटे केली होती आणि प्रत्येक पाकिटात नाण्याबरोबर एक चिठ्ठी ठेवली होती. मोबाइलवर छायाचित्रे काढण्यासाठी नातवंडांनी एका दुपारी सगळी पाकिटे ताटात उलटी केली. नाणी एकीकडे राहिली, चिठ्ठ्या दुसरीकडे गेल्या. मुलांनी हे हौसेने केले, त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते. तरीही लिहून ठेवले पाहिजे की जुन्या संग्रहाची याहून मोठी हानी सहसा होत नाही. धातू, वजन आणि छाप नाण्यावरच असतात. पण ते कोठून आले, कोणाकडून आले, आणि कोणत्या नाण्यांच्या संगतीत सापडले, हे फक्त चिठ्ठी सांगते. चिठ्ठ्या मोडी लिपीत होत्या, त्यामुळे घरात त्या कोणालाच वाचता येत नव्हत्या, आणि मलाही मोडी अडखळतच वाचता येते. मोजल्या तेव्हा त्या ४३ भरल्या. नाणी ४१ होती.

पहिल्या संध्याकाळी खिडकीजवळच्या उजेडात ढोबळ वर्गवारी केली. १५ शिवराया होत्या, बहुतेक उत्तरकालीन आणि झिजलेल्या, काही दुदांडी, म्हणजे मजकुरामध्ये दोन रेघा असलेल्या. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे निरनिराळ्या हातांनी निरनिराळ्या पातळीपर्यंत बिघडवलेली. त्या ठीक होत्या. सोनेरी होन एक होता, तो पितळेचा होता आणि त्यावर दोन मिनिटांहून अधिक वेळ घालवण्याचे कारण नव्हते. सातवाहनांची शिशाची व मिश्रधातूची सहा नाणी, पश्चिमी क्षत्रपांची तीन, कलचुरी कृष्णराजाची दोन, गधैया नऊ, रोमन धाटणीचे एक. उरली ती नहपानाची चार, आणि या प्रकरणाचा गाभा तीच आहेत. त्यांना मी क, ख, ग आणि घ अशी अक्षरे दिली.

नहपान हा क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे शक सत्ताधीश. पुणे जिल्ह्याला तो परका नाही : जुन्नरला मानमोडी डोंगरातल्या लेण्यात त्याचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे, आणि त्याचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या लेण्यातल्या भिक्षूंना करजिक गाव दिल्याची नोंद तिथल्याच भिंतीवर आहे. नाशिकच्या लेण्यात हाच उषवदात ३,००० कार्षापण (त्या काळचे नाणे) श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेव म्हणून ठेवतो, त्यांतले २,००० दरमहा शेकडा एक आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. ज्या नाण्यांचा व्यवहार अशा काटेकोरपणे दगडावर कोरला जात होता, त्या काळातली ही चांदीची नाणी साधारण दोन ग्रॅमची आणि दीड सेंटिमीटरहून किंचित मोठी असतात. एका बाजूला राजाचा उजवीकडे पाहणारा मुखवटा व भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख : राञो क्षहरातस नहपानस.

ग्रीक अक्षरांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ती ग्रीक भाषेतली नाहीत. प्राकृत शब्दच ग्रीक लिपीत लिहिले आहेत. भडोचच्या बाजारात अपॉलोडोटस आणि मिनँडर या यवन, म्हणजे ग्रीक, राजांचे जुने द्रम्म (चांदीची नाणी) अजून चालतात, असे पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात नमूद आहे. व्यापाऱ्यांच्या हाताला आणि डोळ्याला सवय असलेल्या त्या नाण्याच्या वळणावर क्षत्रपांनी आपले नाणे बेतले. म्हणजे ज्या नाण्याला आपण 'अस्सल' म्हणत होतो, ते घडणीने एका आधीच्या नाण्याचे अनुकरणच होते. ही गोष्ट मी त्या संध्याकाळी घरच्यांना सांगितली, आणि तेव्हा ती मला केवळ माहिती वाटली. ती या प्रकरणाच्या मुळाशी आहे हे पुढे कळले.

आता माझी चूक. 'ग' हातात घेताच जड आणि जाड लागला, अक्षरे लोण्यासारखी मऊ होती, आणि तो ओतीव आहे हे सांगायला फार वेळ लागला नाही. पण 'क' आणि 'ख' शेजारी ठेवले तेव्हा मी आनंदलो. दोन्हींवर तोच मुखवटा, कानामागे केसांची तीच वळणे, ग्रीक अक्षरांचा तोच तुटलेला क्रम. नहपानाच्या नाण्यांवरचे मुखवटे एकमेकांपासून इतके भिन्न असतात की ते एकाच माणसाचे नसावेत असेही सुचवले गेले आहे. म्हणून इतके साम्य म्हणजे दोन्ही नाणी एकाच ठशातून निघालेली, असे मी मानले आणि तसे बोलून दाखवले. 'ही दोन्ही खरी आहेत, आणि जोडी म्हणून तर फारच मोलाची आहेत,' हे माझे शब्द होते. थोरल्या मुलाने ते वहीत लिहून घेतले.

घरी आल्यावर काढलेली छायाचित्रे संगणकावर मोठी करून पाहत असताना 'क'च्या कडेला, हनुवटीच्या खाली, एक बारीक खाच दिसली, आणि गालावर मोहरीएवढाही नसलेला एक खड्डा. 'ख'च्या कडेलाही हनुवटीच्या खाली खाच होती आणि गालावर खड्डा होता. मग 'ग' पाहिला. तिथेही तेच. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

याचे कारण सविस्तर सांगतो, कारण सगळा निकाल यावरच उभा आहे. नाणे ठोकून पाडताना एक ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असतो आणि दुसरा हातात धरलेला असतो. मध्ये धातूची चकती ठेवून वरून हातोडा मारतात. ठशाला तडा गेला किंवा त्यात कण अडकला, तर तो दोष त्या ठशातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर उमटतो, आणि म्हणून दोन खऱ्या नाण्यांत ठशाचा दोष सारखा असू शकतो. पण नाणे ठशातून सुटल्यावर त्याला जे लागते, खाच, ओरखडा, मातीने खाल्लेला खड्डा, ते त्या एका नाण्याचे असते. दुसऱ्या नाण्याला त्याच जागी तीच जखम होणे हे अशक्यच म्हणायचे. तशी ती दिसली, तर एक नाणे दुसऱ्याची आई आहे, किंवा दोघांची आई तिसरीच कोणी आहे. मी मुखवट्याचे साम्य पाहिले आणि जखमेचे साम्य पाहिले नाही. साम्य दिसताच हर्ष व्हावा हे संग्राहकाच्या स्वभावातच असते. त्या क्षणी नाणे खाली ठेवून कड पाहायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दूरध्वनी करून माझा निकाल मागे घेतला, आणि दोन दिवसांनी एक मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, कॅलिपर व भिंग घेऊन पुन्हा गेलो. धाकट्या मुलाने तोवर 'ख' फरशीवर टाकून आवाज ऐकायचे ठरवले होते. त्याला मी थांबवले. बंदा रुपया वाजवून घेण्याची आपली रीत चांगली होती, खणखणीत हा शब्द अजूनही तिची आठवण देतो. पण ती रीत चालत्या चलनासाठी होती. दोन हजार वर्षे मातीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ होते, तिच्यात केसासारख्या भेगा पडतात, आणि अस्सल नाणेही बद्द वाजते. शिवाय ते फुटू शकते.

वजने अशी आली : 'क' २.१४ ग्रॅम, 'ख' २.०२, 'ग' २.३१, 'घ' २.०९. यानंतर घनता काढली. याची पद्धत घरी कोणालाही करता येते. पाण्याचा लहान पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा, नाणे बारीक दोऱ्याने बांधून तळाला व काठाला न लागेल असे पाण्यात पूर्ण बुडते ठेवायचे. काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा, आणि नाण्याच्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे कुंचल्याने काढावे लागतात, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला तर ते चिकटतच नाहीत. 'क'ने ०.२०७ ग्रॅम पाणी सारले, म्हणजे घनता १०.३४. शुद्ध चांदीची १०.४९ असते आणि तांब्याची ८.९६, तेव्हा दहावा हिस्सा तांबे मिसळलेली चांदी १०.३ च्या आसपास येते. 'ग'ची घनता ८.६५ भरली; ती चांदी नव्हेच, जर्मन सिल्व्हर असावे. 'ख'ची ९.९५ आली, आणि इथे सावध राहणे भाग होते. इतक्या लहान नाण्यात पाण्याच्या वजनात पाच मिलिग्रॅमची चूक झाली तरी घनता अडीच टक्क्यांनी हलते. प्रत्येक मोजणी पाच वेळा केली, सरासरी घेतली, तरी केवळ या आकड्यावर मी 'ख'ला खोटे म्हटले नसते.

थोरल्या मुलाच्या आग्रहाने 'क' आणि 'ख' हॉलमार्किंग केंद्रातल्या एक्स-रे यंत्राखालीही ठेवून पाहिले. दोन्ही चांदीचे, एवढेच त्याने सांगितले. ते यंत्र वरच्या अगदी पातळ थरातला धातू ओळखते. जुन्या नाण्याच्या वरच्या थरातून तांबे झिरपून गेलेले असते, त्यामुळे आकडा असतो त्याहून शुद्ध येतो. आणि मुख्य म्हणजे यंत्र धातू सांगते, वय सांगत नाही. चांदी काल ओतली काय आणि नहपानाने ठोकली काय, ती चांदीच.

निकाल शेवटी मोजपट्टीने आणि भिंगाने दिला. हनुवटीखालच्या खाचेपासून समोरच्या कडेपर्यंतचे अंतर 'क'वर १५.९ मिलिमीटर होते, 'ख' आणि 'ग' या दोन्हींवर १५.६. वितळलेला धातू साच्यात थिजून थंड होताना आक्रसतो, चांदी लांबीत सुमारे दोन टक्क्यांनी. म्हणून नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली प्रत आईपेक्षा किंचित लहान निघते. दुसरा पुरावा मागच्या बाजूचा. हाताने ठोकताना वरचा ठसा दर वेळी वेगळ्या कोनात पडतो, त्यामुळे मुखवटा सरळ धरून नाणे उलटले तर बाण कोणत्याही दिशेला असू शकतो. तिन्ही नाण्यांवर तो एकाच कोनात होता. तिसरा पुरावा पृष्ठभागाचा : 'क'वर अक्षरांच्या पायथ्यापासून कडेकडे धावणाऱ्या बारीक रेषा होत्या, हातोड्याच्या घावाने धातू सरकल्याच्या, 'ख'वर त्या नव्हत्या, त्याऐवजी खोलगट भागात सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे आणि कडेवर कानस फिरवल्याच्या आडव्या खुणा होत्या. 'क' ही आई, 'ख' आणि 'ग' या तिच्या ओतीव प्रती. याबद्दल शंका उरली नाही. 'क'च्या अक्षरांत हळद-कुंकू साठलेले होते, 'ख'च्याही. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या ताटात दोघे शेजारी बसत आले होते.

मी हे सांगितले तेव्हा कोणी काही बोलले नाही. मग अण्णांच्या कन्येने विचारले, 'तुम्हीच सांगा, अण्णांना कोणी फसवले, की अण्णांनीच ही करून ठेवली?' आईचे नाणे आणि दोन प्रती एकाच डब्यात असल्यावर हा प्रश्न टळणारा नव्हता. फसवणारा आई आपल्याजवळ ठेवतो आणि प्रती विकतो. इथे आई घरातच होती. तेव्हा प्रती अण्णांच्या माहितीतच झालेल्या असणार, हे मलाही दिसत होते आणि त्यांनाही. चार दशके मुलांना इतिहास शिकवलेल्या माणसाबद्दल त्याच्या लेकीच्या मनात हा संशय यावा, याचे मला फार वाईट वाटले, आणि चिठ्ठ्या वाचल्याशिवाय यावर बोलू नये एवढेच मी म्हणालो.

मोडी चांगली वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी तीन रविवार खर्च करून सर्व ४३ चिठ्ठ्या देवनागरीत उतरवून दिल्या. मजकूर त्रोटक होता : कोणाकडून, कुठे, आणि वजन. 'जुना बाजार, रविवार' असे गधैयांपैकी सातांवर होते. पण कोणती चिठ्ठी कोणत्या नाण्याची हे कसे ठरवायचे? यातून वाट काढली ती वजनांनी. अण्णांनी ती तोळे, मासे आणि गुंजांत लिहिली होती. तोळा ११.६६४ ग्रॅमचा धरला, त्याचे १२ मासे आणि माशाच्या ८ गुंजा, तर गुंज ०.१२१५ ग्रॅमची होते आणि मासा ०.९७२ ग्रॅमचा. मी सगळ्या चिठ्ठ्यांची वजने ग्रॅममध्ये मांडली आणि नाण्यांच्या वजनांशेजारी ठेवली. झिजलेल्या शिवरायांत गोंधळ राहिला, तो अजूनही आहे. पण चांदीची नाणी एकेक करून आपापल्या चिठ्ठीवर जाऊन बसली.

'नहपान. २ मासे दीड गुंज.' हे २.१३ ग्रॅम होतात, हा 'क'.

'सदरहूची नक्कल, जर्मन सिल्व्हर, २ मासे ३ गुंजा. मुलांचे हाती देण्यास.' हे २.३१, हा 'ग'.

'सदरहूची नक्कल, दुसरी, चांदी, २ मासे अर्धी गुंज. पहिली जाड झाली, मुलांस पटेना.' हे २.०० ग्रॅमला टेकतात, हा 'ख'.

आणि होनाच्या चिठ्ठीवर 'पितळ. शोभेचा.' एवढेच होते.

ही चार वाक्ये वाचून दाखवली तेव्हा कन्येला आठवले की अण्णा वर्गात नाणी नेत आणि बाकांवरून फिरवत. खरे नाणे पन्नास मुलांच्या हातांतून फिरवणे त्यांना धोक्याचे वाटले असणार, म्हणून त्यांनी मूर्ती ओतणाऱ्या कोणा कारागिराकडून प्रत करून घेतली. ती मनासारखी उतरली नाही, म्हणून दुसरी करून घेतली. या माणसाने कोणाला फसवले नाही. पण प्रतीवर त्याने कसलीही खूण केली नाही, खूण केली ती चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी पाकिटातून बाहेर पडली त्या दुपारी शिक्षकाची प्रत व्यापाऱ्याच्या आणि माझ्याही नजरेत खरे नाणे झाली. तीन नाणी उचलून नेण्याची त्या व्यापाऱ्याची तयारी कुटुंबाने मान्य केली असती, तर 'ख' आज कोणाच्या तरी संग्रहात नहपान म्हणून मिरवत असते, आणि त्याला खोटे पाडणारी आई शेजारी नसती. अमेरिकेत १९७३ च्या एका कायद्याने नाण्यांच्या प्रतींवर 'प्रत' असा शब्द उमटवणे बंधनकारक केलेले आहे. तसे आपणही स्वतःहून करावे, अशी माझी संग्राहकांना कळकळीची विनंती आहे. कडेवर एक अक्षर पुरते.

बाजूला सारलेल्या नाण्यांकडे आता वळतो. 'घ' बिघडलेले नव्हते. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केल्यावर नहपानाची नाणी गोळा करून वितळवली नाहीत, त्यांच्यावरच आपले ठसे मारले : एका बाजूला तीन कमानींचा डोंगर व खाली नागमोडी रेघ, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह (चार टोकांना वर्तुळे असलेली फुली), आणि स्वतःचे नाव. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या साठ्यात नहपानाची १३,००० हून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक अशी पुनरांकित होती. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाला 'खखरातवसनिरवसेसकर', क्षहरात वंशाला निःशेष करणारा, म्हणते. 'घ'वर उज्जयिनी चिन्हाच्या वर्तुळाखालून नहपानाचा डोळा आणि नाकाचे टोक अजून दिसते. डब्यातले हे सर्वांत बोलके नाणे आहे असे माझे मत आहे, आणि ते 'खराब' म्हणून बाजूला पडले होते.

रोमन धाटणीचे नाणे टायबेरियस या सम्राटाच्या दिनारच्या, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्याच्या, वळणाचे, ३.४० ग्रॅमचे. त्यावरचे लॅटिन शब्द वाचता येत नाहीत, कारण ते शब्दच नाहीत. ओळखीच्या अक्षरांच्या जागी उभ्या-आडव्या काड्या आहेत आणि आसनावर बसलेल्या स्त्रीचे पाय खुर्चीत मिसळून गेले आहेत. व्यापाऱ्याने याच कारणाने त्याला नकली म्हटले. पण ते ठोकून पाडलेले आहे, कडेवर ताणाने पडलेले तडे आहेत आणि तड्यांच्या आत माती बसलेली आहे. भारतात सापडणाऱ्या रोमन चांदीच्या साठ्यांमध्ये ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या दिनारांची अशी प्राचीन अनुकरणे खरोखर आढळतात. आजचा नकल्या संग्राहकाला फसवायला निघतो, म्हणून तो अक्षरे शुद्ध ठेवतो. या नाण्याचा कर्ता लॅटिन न येणारा होता आणि त्याचे गिऱ्हाईकही लॅटिन न वाचणारे होते. त्या गिऱ्हाइकाला हवी होती ओळखीची छाप आणि चांदी.

गधैयांची गोष्ट याच दिशेने आणखी लांब जाते. इराणचा सासानी राजा पेरोझ, इसवी सन ४५९ ते ४८४, याचे रुंद पातळ नाणे हूणांबरोबर हिंदुस्थानात आले. इथे त्याच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, आणि काही शतकांत राजाचा चेहरा म्हणजे दोन-तीन रेघा व एक ठिपका, अग्निवेदी म्हणजे ठिपक्यांचा खांब, एवढेच उरले. नाणे लहान आणि जाड होत गेले, पण वजन चार ग्रॅमच्या आसपास टिकून राहिले आणि कोकणच्या शिलाहारांपर्यंत ही धाटणी चालली. ज्याला आपण बिघडलेला चेहरा म्हणतो तो त्या काळच्या माणसाला चेहरा म्हणून हवाच नव्हता; ती चलनाची खूण होती. कृष्णराजाची दोन नाणी, गुप्तांच्या चांदीच्या नाण्यांवरून बेतलेली आणि बैलाची छाप असलेली, हीही त्याच पंगतीतली. ती इतकी रूढ झाली की आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या अंजनेरी ताम्रपटात 'कृष्णराज रूपक' हे नाव चलनाचे नाव म्हणून येते, राजा जाऊन दीड शतक लोटल्यावर. घरच्यांनी विचारले, मग ही खरी की खोटी? मी म्हणालो की खरे-खोटे ही नाणी घडली त्या काळी कोणी विचारले ते कळले तर उत्तर देता येईल. आज आपण एवढेच विचारावे की कोणी, कधी, आणि कोणाच्या हातात देण्यासाठी हे केले. या प्रश्नाला 'ख' आणि 'ग' यांनाही सन्मानाचे उत्तर आहे.

व्यवहाराचा भाग थोडक्यात. अमेरिकेतून आलेल्या नातवाला आठवण म्हणून एक गधैया बरोबर न्यायची होती. ती नेता येत नाही. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा विक्रीव्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. त्याला आम्ही दोन्ही बाजूंची मापासह छायाचित्रे दिली. शेतात किंवा घराचा पाया खणताना सापडलेल्या धनाची गोष्ट वेगळी, ते १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. अण्णांच्या चिठ्ठ्यांत सगळी खरेदी किंवा भेट होती. नाणी धुऊ नका, चिंच, लिंबू, रांगोळी आणि भांड्यांची पावडर यांपासून दूर ठेवा, असे मी दोनदा बजावले. हळद-कुंकूही काढू नये असे सांगितले, ते काढायचे तर अक्षरे खरवडली जातात.

तिघा भावंडांनी वाटणी केली नाही. शिवराया घराघरांत पूजेसाठी पाच-पाच गेल्या, बाकी संग्रह कन्येकडे एकत्र राहिला. 'ख' आणि 'ग'च्या कडेवर बारीक छिन्नीने 'न' हे अक्षर उमटवले. ते काम धाकट्या मुलाने ओळखीच्या सोनाराकडे स्वतः उभे राहून करून घेतले. पाकिटे नवी केली, आम्लविरहित कागदाची, पण अण्णांच्या चिठ्ठ्या त्यांतच ठेवल्या आणि देवनागरी उतारा मागे जोडला.

दोन चिठ्ठ्या नाण्यांवाचून उरल्या. एकीवर फक्त 'सातवाहन, शिसे, फुटले' आहे. दुसरीवर 'रोमी, टायबेरियस, ३ मासे ७ गुंजा' असे आहे, म्हणजे ३.७७ ग्रॅम, खऱ्या दिनारचे वजन. डब्यातल्या अनुकरणाची चिठ्ठी ३ मासे ४ गुंजांची, ती वेगळी आहे. या दुसऱ्या चिठ्ठीच्या खाली निराळ्या शाईने लिहिले आहे : 'पाहण्यास दिला. परत येणे.' त्या दोन्ही चिठ्ठ्यांसाठीही पाकिटे केली आहेत, आणि ती आपापल्या जागी, रिकामी, ठेवली आहेत.